हॉल एच प्रत्येक पॅनेलनंतर रिकामा करावा का?

खाडीवाला

सॅन डिएगो कॉमिक-कॉनचा, म्हणजे कॉमिक्स आणि सिनेमावेड्यांच्या वार्षिक मेळाव्याचा, हंगाम आला की आमच्या बे एरियातल्या मराठी ग्रुपवर विचारणा सुरू होते: हॉल एचसाठी रात्री रांगेत झोपायला कोण कोण येतंय? तिथे मी माझं मत मांडलं तर दोघांनी अबोला धरलाय. म्हणून विषय इथे टाकतो, इथे निदान भांडण तरी नीट होईल.

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. हॉल एच हा तिथल्या कन्व्हेन्शन सेंटरमधला सगळ्यात मोठा हॉल, सुमारे ६,५०० खुर्च्यांचा. मोठे स्टुडिओ आपले नट-नट्या, दिग्दर्शक इथेच आणतात; स्टेजवरच्या त्या गप्पांच्या कार्यक्रमाला पॅनेल म्हणतात. २०२४ च्या जुलैमध्ये रॉबर्ट डाउनी ज्युनियरने मुखवटा काढला आणि 'मी आता डॉक्टर डूम' (मार्वलच्या सुपरहिरोपटांतला खलनायक) म्हणून जाहीर झालं, ते इथेच. कॉनला येणारी माणसं एक लाख तीस हजारांच्या घरात. म्हणजे विसातल्या एकाला जागा.

गर्दीबद्दल माझं काही म्हणणं नाही, गर्दी असणारच. पण एकदा आत शिरलात की दिवसभर उठायची सक्ती नाही, हा नियम मला पटत नाही. बाथरूमला जायचं तर पास मिळतो, जाऊन या, परत बसा. त्यामुळे संध्याकाळच्या पॅनेलसाठी आलेला माणूस सकाळपासून खुर्ची अडवून बसतो. माझ्या शेजारचा एक गृहस्थ अख्ख्या एका पॅनेलभर तोंडावर टोपी ठेवून घोरत होता, आणि ते पॅनेल बघायला जीव टाकणारे बाहेर उन्हात उभे होते.

न्यू यॉर्क कॉमिक-कॉनमध्ये मुख्य हॉल पॅनेलगणिक रिकामा करतात, जागा आधी ऑनलाइन ठरते. सॅन डिएगोला हे का जमू नये?

रातकिडा

धाग्यावर येणारच होतो, कारण अबोला धरणाऱ्या दोघांपैकी एक मीच. :)

खाडीवाले, जरा गणित करा. साडेसहा हजार माणसं बाहेर काढायची, नवी साडेसहा हजार बॅज (प्रवेशाचा बिल्ला) तपासून आत घ्यायची. यात तासभर सहज जाईल. पॅनेल स्वतः तासाभराचं. म्हणजे दिवसाची निम्मी पॅनेलं गेली. कोणाची जातील? मार्वलची नाही जाणार. त्या सकाळच्या, कोणी नाव न ऐकलेल्या अ‍ॅनिमेशनपटाची जातील. आज त्या बिचाऱ्याला भरलेला हॉल मिळतो तो केवळ संध्याकाळची वाट बघणाऱ्यांमुळे. मी स्वतः अशी कितीतरी पॅनेलं नाइलाजाने बघितली आणि घरी येऊन त्या मालिका शोधून पाहिल्या.

दुसरं, रांगेत उभं न राहिलेल्यांना रांग म्हणजे नुसती शिक्षा वाटते. तंबूंखालच्या नागमोडी ओळी, त्या संपल्या की खाडीकडेची हिरवळ, मग मरीनाच्या कडेची पायवाट. रात्री गवत दमट होतं, सगळे घडीच्या खुर्च्या उघडतात. कोणी पत्ते कुटतंय, कोणी डोक्याला टॉर्च बांधून उद्याच्या केपला टीप घालतंय. २०१४ पासून रांगेतली जागा राखणारे रिस्टबँड आले, तेव्हापासून गटातले बाकीचे हॉटेलात जाऊन झोपू शकतात, एकाने थांबलं की झालं. आणि २०१५ ची गोष्ट आठवा. 'स्टार वॉर्स'चं पॅनेल संपलं आणि अख्खा हॉल उठवून मागे खाडीकाठी नेला, सॅन डिएगो सिम्फनीचा वाद्यवृंद ऐकायला. हे तुमच्या ऑनलाइन सोडतीत नाव लागून आलेल्यांच्याही नशिबी येईल, पण आदल्या रात्रीचे शेजारी कुठून आणणार?

पेठकर_काकू

मुलगी सॅन डिएगोला असते, तिच्या कृपेने एकदा गेले आहे. रातकिडा, तुमचं वर्णन वाचून मलाही हिरवळीवर बसावंसं वाटलं, पण मग गुडघे आठवले. अपंगांसाठी तिथे वेगळी व्यवस्था आहे आणि ती चांगली आहे. पण माझ्यासारखी साठीची बाई, तान्हं मूल असलेली आई, रात्रपाळी करून आलेला नर्सिंगवाला मुलगा, यांना रात्र गवतावर काढणं कसं जमणार? तरुण, धडधाकट आणि चार दिवस रजा मिळणारा, त्याचीच रांग.

पंढरपूरला निदान दोन बाऱ्या असतात. पायावर डोकं ठेवायचं तर तासन्‌तास उभे राहा, नुसतं मुख बघायचं तर दुसरीकडून लवकर पुढे जा. इथे मधला मार्गच नाही. आणि गंमत म्हणजे रात्र काढून आत गेलेल्यातल्या मागच्या निम्म्यांना मुखदर्शनच मिळतं, तेही पडद्यावर. मी मागून बघितलं तेव्हा स्टेजवरचा हिरो माझ्या करंगळीच्या नखाएवढा होता.

मी_मालवणी

तुम्ही सगळे चुकीच्या हॉलवरून भांडताय. १९७० साली हे कॉन यू. एस. ग्रँट हॉटेलात भरलं तेव्हा जेमतेम तीनशे माणसं होती आणि पाहुणे होते रे ब्रॅडबरी, जॅक कर्बी. म्हणजे लिहिणारे आणि काढणारे. आज नटांना बघायला एवढी झुंबड आणि आर्टिस्ट्स अ‍ॅलीमध्ये, म्हणजे चित्रकारांच्या टेबलांच्या गल्लीत, चित्रकार टेबलामागे बसून माशा मारतोय.

२०२३ साली हॉलिवूडचे नट संपावर होते. कोणी मोठं आलं नाही, हॉल एचसमोरची ती रात्रीची जत्रा भरलीच नाही. कॉन बंद पडलं का? नाही. लोक आले, कॉमिक्स घेतली, कॉमिक्सचे आइसनर पुरस्कार झाले. मला विचाराल तर हॉल कायमचाच रिकामा करा.

आपल्या मुंबईच्या कॉमिक-कॉनला चित्रकार अभिजीत किणींच्या टेबलापाशी त्यांचं 'अँग्री माउशी' कॉमिक हातात घेऊन गप्पा मारता येतात. रिस्टबँड नाही, काही नाही. आणखी काय होया?

शंकासुर

मालवणी, 'पूर्वी सगळं शुद्ध होतं' ही कॅसेट जरा पुढे सरकवा. १९७६ सालीच 'स्टार वॉर्स'वाले तिथे आले होते, सिनेमा यायच्या वर्षभर आधी. स्लाइड दाखवल्या, कॉमिक्सचा चित्रकार हॉवर्ड चेकिनने काढलेलं पोस्टर विकायला ठेवलं. सोबत मार्वलचा रॉय थॉमस होता. कॉमिक्सवाले आणि सिनेमावाले तेव्हाच एका टेबलावर होते.

आणि २०२५ मध्ये 'स्टार वॉर्स'चा कर्ता जॉर्ज लुकस पहिल्यांदा हॉल एचमध्ये आला तो चित्रांबद्दल बोलायला, त्याच्या होऊ घातलेल्या संग्रहालयाबद्दल. म्हणजे तुमच्याच चित्रकारांची बाजू घ्यायला. तुम्ही हॉल बंद केला असता तर तो कुठे बोलला असता, पार्किंगमध्ये?

तळ्यातमळ्यात

शंकासुर +१. शिवाय ही 'खरे रसिक' भाषा आली की मला २००९ आठवतं. 'ट्वायलाइट' या व्हॅम्पायर-प्रेमपटासाठी मुली रात्रभर रांगेत बसल्या तर काही लोक 'ट्वायलाइटने कॉमिक-कॉनचा सत्यानाश केला' अशा पाट्या घेऊन फिरत होते. त्या मुलींनी काय वेगळं केलं होतं? तीच रांग, तीच पांघरुणं. सुपरहिरोसाठी मुलगा झोपला की निष्ठा, मुलगी झोपली की थिल्लरपणा.

मूळ प्रश्नाला माझं उत्तर: रिकामा करू नका, पण रांगेला काही मर्यादा हवी. २०१२ मध्ये अशाच रांगेतली एक चाहती हार्बर ड्राइव्ह हा रस्ता ओलांडताना गाडीखाली गेली. तो विषय मला 'रांगेची मजा' म्हणून सोडून देता येत नाही.

खाडीवाला

सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो.

रातकिडा, तुमचं गणित मान्य. समजा सहा-सात पॅनेलांची चार झाली. आज सहा पॅनेलं बघतात कोण? बहुतेक तीच साडेसहा हजार माणसं. चार पॅनेलं आणि दर वेळी हॉल रिकामा, म्हणजे २६,००० जागा. खुर्च्या तेवढ्याच, माणसं चौपट. अनोळखी पॅनेलला भरलेला हॉल मिळतो म्हणता, पण टोपीखाली घोरणारा प्रेक्षक मिळून त्या दिग्दर्शकाला काय आनंद होत असेल?

आणि जागा अडवण्यातून काय होतं तेही बघा. २०१० मध्ये याच हॉलमध्ये खुर्चीवरून बाचाबाची झाली आणि एकाने दुसऱ्याच्या डोळ्याजवळ पेन खुपसलं. पुढचं पॅनेल त्यापायी लांबलं.

सोडतीचं एवढं वावडं असेल तर तेही समजत नाही. सह्यांसाठी आणि स्टॉलवरच्या खास खेळण्यांसाठी तिथे ऑनलाइन सोडत आहेच. बॅज मिळतो तोही नशिबावरच. फक्त हॉल एच आला की पायांचा जोर.

रातकिडा

कारण खेळणं लागलं नाही तर दुसरं घेता येतं. सोडत मोफत असते, म्हणून ज्याला फारसा रस नाही तोही नाव टाकतो, 'लागलं तर बघू' म्हणून. मग पहिल्या रांगेत फोन चाळत बसलेला माणूस आणि बाहेर लहानपणापासून ती कॉमिक्स वाचलेला माणूस, ही तुमची न्याय्य व्यवस्था. रांगेत रात्र काढायची तयारी आहे की नाही एवढी एक चाळणी तरी लागते.

काकू, तुमचा मुद्दा मात्र खोडता येत नाही. हजारेक जागा सोडतीने द्याव्यात, बाकीच्या रांगेने, इथपर्यंत मी यायला तयार आहे.

पेठकर_काकू

हजार चालतील. त्यातली पुढची पाचशे द्या पण, मागे बसून पडदाच बघायचा तर तो मी घरी यूट्यूबवर बघते. ट्रेलर तर बहुतेक त्याच रात्री येतात.

मी_मालवणी

ट्रेलर त्याच रात्री घरी येतो, मग रांग कशाला, एवढंच माझं म्हणणं होतं. पण मला इथे कोण विचारतंय.

तळ्यातमळ्यात

सगळंच येत नाही हो. काही तुकडे फक्त हॉलमधल्यांना दाखवतात, फोन वर काढलात की सुरक्षारक्षक येतो.

शंकासुर

एक सुचवतो. दर पॅनेलनंतर नको, दुपारी एकदाच रिकामा करा. सकाळचं सत्र वेगळं, संध्याकाळचं वेगळं. तासभरच वाया जाईल आणि माणसं दुप्पट होतील.

खाडीवाला

हे मला चालेल. सकाळचं सत्र अर्धं रिकामं राहिलं तरी हरकत नाही, माझ्या पुतण्यासारखा कोणी सहज फिरत येऊन बसेल. २०२३ मध्ये तसंच चालत आत जाता येत होतं आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

रातकिडा

शंकासुर, शनिवारचा विचार करा. सगळी मोठी नावं संध्याकाळी. सकाळच्या सत्राची रांग शुक्रवारी रात्री लागेल, आणि संध्याकाळच्या सत्राची रांगही शुक्रवारी रात्रीच लागेल, कारण दुपारपर्यंत थांबण्याचा धीर कोणाला आहे? आज एक रांग सांभाळताना तिथल्या स्वयंसेवकांचे घसे बसतात. उद्या दोन रांगा, दोन रंगांचे रिस्टबँड, आणि 'मी त्या रांगेत होतो, चुकून या रांगेत आलो' म्हणणारे निराळेच. हिरवळीवर तेवढी जागा आहे का, ते आधी सांगा.