मदत हवी आहे: कायम प्राध्यापक आणि सीएचबीवाले (तासिका तत्त्वावर शिकवणारे), दोघांना एकच प्रश्नावली चालेल का?

नमस्कार मंडळी. पगार आणि कॉलेजातलं वातावरण यांचा प्राध्यापकांच्या कामावरच्या निष्ठेवर काय परिणाम होतो, हा माझा पीएचडीचा विषय. मायर आणि ॲलन या संशोधकांची निष्ठेच्या तीन प्रकारांची 1991 ची मांडणी धरलीय: जिव्हाळ्यापोटी टिकणं, सोडलं तर नुकसान म्हणून टिकणं, कर्तव्य म्हणून टिकणं.

अडचण अशी, की सातव्या वेतन आयोगात कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतनच 57,700 पासून सुरू होतं. त्याच स्टाफरूममधल्या सीएचबीवाल्याचं बिल तासांवर, तेही महिनोनमहिने अडकलेलं. दोघांना 'पगाराबाबत समाधानी आहात का' एकाच दमात कसं विचारू? सीएचबीवाला टिकतो तो बहुतेकदा कधीतरी कायम होऊ या आशेवर. ही आशा तिन्हीपैकी कुठल्या खान्यात टाकायची?

शिवाय परवा एका कॉलेजात प्रश्नावली भरून घेताना क्लार्क शेजारीच बसून राहिला. संस्थाचालकांबद्दलच्या प्रश्नांवर सगळ्यांच्या खुणा 'पूर्ण सहमत'वर! असला डेटा घेऊन काय करणार?

नांदेड किंवा संभाजीनगरच्या विद्यापीठात अशा विषयावर कोणी काम केलंय का? दोन गट वेगळे ठेवू, की सीएचबीवाल्यांच्या कॉलेजबाहेर चहावर मुलाखती घेऊ? मराठीत तपासून घेतलेली प्रश्नावली असेल तर प्लीज कळवा.