हायब्रिड विकून इलेक्ट्रिक घ्यावी का?

वारजेकर
२०२२च्या अखेरीस घेतलेली दीड लिटरची स्ट्राँग हायब्रिड एसयूव्ही आहे, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि जोडीला ब्रेकिंगवर भरणारी छोटी बॅटरी. कागदावर २७.९७चं ॲव्हरेज, वारजे-हिंजवडी ट्रॅफिकमध्ये २२ पडतं. तक्रार काही नाही. पण इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आल्यापासून घरात इलेक्ट्रिकचं टुमणं सुरू झालंय. वर्षाला साधारण १२ हजार किमी, महिन्याला एक मुंबई, सणावाराला देवरुख. पार्किंग स्वतःचं आहे, पण चार्जरची एनओसी सोसायटीच्या कमिटीकडून यायची आहे.

माझं मत स्पष्ट आहे: चालती हायब्रिड विकून इलेक्ट्रिक घेणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. पेट्रोलवाल्याने जावं, डिझेलवाल्याने तर जावंच. आपली निम्मी बचत आधीच झालेली आहे. पटत नसेल त्यांनी आकड्यांसकट बोलावं.

किलोवॅट
घ्या आकडे. १२ हजार किमीला तुमचं पेट्रोल ५५ हजारांच्या पुढे जातं. इलेक्ट्रिक युनिटला ७ किमी देते. चार्जिंगमधली गळती धरून वर्षाला १,९०० युनिट. गाडीसाठी वेगळा ईव्ही मीटर घेऊन युनिट ९-१० रुपयांना पडलं तरी १९ हजारांत वर्ष निघतं. द्रुतगती मार्गाचा टोल जाऊन-येऊन ६४०, महिन्याला एक फेरी म्हणजे आणखी साडेसात हजार वाचले. शिवाय ना ऑइल, ना फिल्टर.

वारजेकर
म्हणजे वर्षाला फार तर ४५-५० हजार. माझी गाडी विकून तशीच इलेक्ट्रिक घ्यायला वरून सहा-सात लाख घालावे लागतील. तेरा-चौदा वर्षं लागतील वसूल व्हायला! तोवर दोन्ही गाड्या भंगारात.

दुसरा गियर
+१. आणि टोलमाफीच्या भरवशावर गाडी घेऊ नका. हे धोरण २०३०पर्यंतचं आहे, पुढचं कोणी सांगावं. माफी द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर. देवरुखला जाताना खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे तिन्हीकडे टॅग वाजणारच.

मंजिरी_सांगली
सगळे पैशांतच अडकलात. आमच्या बंगल्यावर ३ किलोवॅटचं सोलर आहे, त्याला ७८ हजारांचं अनुदान मिळालं, गाडी दुपारी उन्हावर चार्ज होते. आमचा किमीचा खर्च जवळजवळ शून्य. मी आधी हायब्रिडच चालवायची, म्हणून दोन्हीकडचं सांगते. देवरुखच्या वाटेवरचा आंबा घाट उतरताना पायथ्याचं साखरपा यायच्या आधीच हायब्रिडची बॅटरी भरते. ती असते केवढी, पाऊण युनिट! मग ब्रेकिंगची ऊर्जा ठेवायला जागा नाही, गाडीचा वेग धरायला इंजिन उगाच घोंघावतं. इलेक्ट्रिक तोच घाट अख्खा गिळते, खाली पोचल्यावर चार्ज थोडा वाढलेला दिसतो. ब्रेकला पाय लावावा लागत नाही. हे एकदा अनुभवलं की परत जाववत नाही.

दुसरा गियर
बंगलेवाल्यांनी फ्लॅटवाल्यांना सोलर सांगायचं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे. यांचं घोडं कमिटीपाशी अडलंय. मीटर रूम बी विंगमध्ये, पार्किंग डी विंगमध्ये, मधली केबल कोणाच्या जागेतून न्यायची यावर आमच्याकडे दोन एजीएम झाल्या. आमचे सेक्रेटरी म्हणाले, "एकाला दिली तर सगळे मागतील." अहो, मागणारच! आणि घरच्याच मीटरवर लावली तर महिन्याला दीडशे युनिट वाढतात, ३००च्या वरच्या स्लॅबमध्ये गेलात की किलोवॅटरावांचे १९ हजार विसरा. बाहेरच्या फास्ट चार्जरवर वीस-बावीस रुपये युनिट. तिथे बचत निम्मी होते आणि तासभर वडापाव खात बसावं लागतं ते वेगळंच.

किलोवॅट
एनओसी नसेल तर घेऊ नका, हे मीही म्हणतो. घरी चार्जिंग नाही त्याने इलेक्ट्रिकच्या वाटेला जाऊ नये. पण मिळाली तर? शिवाय पर्यावरण आहे की नाही काही?

वारजेकर
त्याचंही गणित करतो. एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. २२च्या ॲव्हरेजने किमीला साधारण १०५ ग्रॅम. आपल्या देशातल्या विजेचं युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास धरतात, गळतीसकट किमीला ११० ग्रॅम. चंद्रपूर, कोराडीची वीजकेंद्रं कोळशावरच चालतात ना? आज दोघं बरोबरीत आहेत. त्यात नवी बॅटरी बनवण्याचा धूर मिळवा.

मंजिरी_सांगली
पेट्रोल रिफायनरीत बनतं आणि टँकरने येतं, ते तुमच्या १०५मध्ये कुठे आहे? वीज दरवर्षी थोडी स्वच्छ होत जाते, तुमचं इंजिन नाही. आणि कर्वे रोडच्या सिग्नलला दुचाकीवर पोर घेऊन उभी असलेली बाई तुमचाच धूर खाते, चंद्रपूरचा नाही.

दुसरा गियर
चंद्रपूरकर काय माणसं नाहीत का ताई?

मंजिरी_सांगली
आहेत. म्हणूनच तर सोलर म्हणतेय.

वारजेकर
धुराचा मुद्दा मान्य, पण सिग्नलला माझं इंजिन बहुतेक वेळा बंदच असतं. आणि मी विकली म्हणून ही गाडी रस्त्यावरून नाहीशी होणार नाही, दुसरा कोणीतरी चालवेल. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी आहे, म्हणजे २०३०पर्यंत निश्चिंत. बॅटऱ्या स्वस्त होताहेत, तेव्हा आजच्यापेक्षा बरी इलेक्ट्रिक मिळेल. हिने उद्या मुंबईत नोकरी धरली आणि आठवड्याला फेऱ्या सुरू झाल्या तर मात्र हिशेब नव्याने मांडेन.

किलोवॅट
तोवर तुमच्या हायब्रिडला कोण विचारेल? किंमत आहे तोवर विका. खरंच विकणार असाल तर आधी मला कळवा.

वारजेकर
म्हणजे? एवढी इलेक्ट्रिकची वकिली करून हायब्रिड तुम्ही घेणार?

किलोवॅट
वडिलांना हवी आहे. ते आटपाडीच्या पुढे वस्तीवर राहतात, रात्रीची वीज कधी जाईल याचा नेम नाही. सर्व्हिस रेकॉर्ड आहे ना तुमच्याकडे?