मदत हवी आहे: अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं दूध किती वेगाने वाढवावं? संशोधनातल्या एका आकड्याने झोप उडवली आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या बहिणीचं बाळ २९ व्या आठवड्यात जन्मलं, वजन १२०० ग्रॅम. एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. श्वास आता बराच स्थिरावलाय आणि नळीने दूध सुरू झालंय. डॉक्टर म्हणतात, रोज किलोमागे ३० मिलीने वाढवत नेऊ. घरची मोठी माणसं धास्तावली आहेत, एवढ्याशा पोटाला एवढी घाई कशाला म्हणून. एनईसी (आतड्याला सूज येऊन त्याचा काही भाग मरायला लागतो तो आजार) हा शब्द सगळ्यांनी ऐकलाय आणि सगळ्यांच्या डोक्यात तोच ठाण मांडून बसलाय.

बहिणीत सध्या काही वाचायचं त्राण नाही, म्हणून ते काम मी अंगावर घेतलं. मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही.

या प्रश्नावरची मोठी चाचणी म्हणजे 'सिफ्ट', ब्रिटन आणि आयर्लंडमधली, २०१९ साली प्रसिद्ध झालेली. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेली किंवा १५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची २८०४ बाळं त्यात होती. एका गटाचं दूध रोज किलोमागे ३० मिलीने वाढवलं, दुसऱ्याचं १८ मिलीने. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर. एनईसी वेगवान गटात ५.० टक्के, संथ गटात ५.६ टक्के. रक्तातला जंतुसंसर्ग २९.८ आणि ३१.१ टक्के. इथवर वाचून जीव भांड्यात पडला.

पण पुढे दोन वर्षांच्या वयाचे आकडे आहेत. मोठं अपंगत्व न येता जगलेली मुलं वेगवान गटात ६५.५ टक्के, संथ गटात ६८.१. आणि हालचालींतला मध्यम किंवा तीव्र दोष वेगवान गटात ७.५ टक्के, संथ गटात ५.०! हा शेवटचा आकडा वाचल्यापासून मला चैन नाही. संथ वाढवलेलंच बरं, असा याचा अर्थ होतो का? डॉक्टरांशी बोलायचं तर नेमकं काय विचारू? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १ (एनआयसीयूत काम करणारी नर्स)

ताई, आधी प्रत्यक्ष दूध किती ते बघा. १२०० ग्रॅमच्या बाळाला किलोमागे ३० मिली म्हणजे दिवसाला ३६ मिली वाढ. दर दोन तासांनी फीड असेल तर दिवसाला १२ फीड, म्हणजे प्रत्येक फीडमागे ३ मिली. १८ च्या हिशेबाने १.८ मिली. आम्ही सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला जोडतो आणि वर धरतो, दूध आपल्या वजनाने हळूहळू उतरतं. तुमचा सगळा प्रश्न त्या सिरिंजमधल्या १.२ मिलीचा आहे.

शिवाय ३० म्हटलं म्हणजे काही झालं तरी ३०, असं नसतं. पोट फुगून ताणलं, हिरवी उलटी झाली, शीत रक्त दिसलं, बाळ मलूल पडलं, की फीड थांबवून आधी तपासणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींतही रोज किलोमागे ३० मिलीपर्यंत वाढवता येतं असं आहे, म्हणजे तुमचे डॉक्टर काही जगावेगळं करत नाहीयेत.

मला विचाराल तर वेगापेक्षा दूध कुणाचं याला जास्त महत्त्व द्या. कॅनडात ३६३ बाळांवर एक चाचणी झाली, २०१६ साली प्रसिद्ध झाली. आईचं दूध कमी पडलं तर पूरक म्हणून मिल्क बँकेतलं (इतर आयांनी दान केलेलं) दूध की पावडरचं, असा प्रश्न होता. एनईसी मिल्क बँकेच्या गटात १.७ टक्के, पावडरच्या गटात ६.६. बौद्धिक वाढीत मात्र फरक दिसला नाही. बहिणीला दूध काढायला नीट पंप, पुरेसं पाणी, थोडी झोप आणि बाळाला छातीशी धरायला वेळ मिळतोय ना, तेवढं तुम्ही घरच्यांनी बघा.

प्रतिसाद २ (संख्याशास्त्र शिकवतो)

६५.५ आणि ६८.१ हा चाचणीचा मुख्य प्रश्न होता, आधीच ठरवलेला. त्यातला फरक योगायोगानेही पडू शकतो इतपतच आहे, म्हणून संशोधकांनी संथ गट सरस ठरवला नाही.

हालचालींचा आकडा दुय्यम प्रश्नांपैकी एक. धोका १.४८ पट दिसला, पण त्याची विश्वासमर्यादा (खरा आकडा ज्या टप्प्यात असण्याची बरीच शक्यता असते तो टप्पा) १.०२ ते २.१४. खालचं टोक म्हणजे जवळजवळ फरक नाहीच. एकाच चाचणीत बऱ्याच गोष्टी मोजल्या की एखादी नुसत्या योगायोगानेही वेगळी दिसते. आणि वेगामुळे मेंदूला इजा होत असेल तर ती कुठल्या वाटेने? एनईसी किंवा जंतुसंसर्ग वाढलेला दिसायला हवा होता, तसा तो दिसत नाही. एवढ्यावरून तो आकडा मी मोडीत काढणार नाही, पण त्याच्या भरवशावर डॉक्टरांचा निर्णय फिरवायलाही सांगणार नाही.

दुसरी बाजूही बघा. संथ गटातल्या बाळांना पूर्ण दुधावर यायला साधारण १० दिवस लागले, वेगवान गटाला ७. तेवढे दिवस शिरेतून पोषण जास्त चालतं.

मूळ धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. १.२ मिली हे आईला सांगितलं, तेव्हा तिने पहिल्यांदा शांतपणे ऐकून घेतलं. उद्या डॉक्टरांना विचारणार आहे: कुठली लक्षणं दिसली की वेग कमी करणार, आईचं दूध कमी पडलं तर काय देणार, आणि घरी सोडल्यावर हालचालींची तपासणी कुठल्या वयापर्यंत चालू ठेवायची.

आणखी एक, नर्सताई. दुधात फोर्टिफायर (आईच्या दुधात मिसळायची जादा पोषणाची पूड किंवा द्रव) घालायचं म्हणताहेत. ते सुरू करताना दूध वाढवणं थांबवतात का, की दोन्ही बरोबर चालतं?