बळीराजाची गोष्ट : मिथक, पुराणकथा की दंतकथा?

पाटपाणी : मंडळी, एका शब्दापाशी अडलेय. फुल्यांवरचा एक इंग्रजी लेख मराठीत करतेय, त्यात 'काउंटर-मिथ', म्हणजे रूढ कथेला उलटून उत्तर देणारी कथा, हा शब्द पानोपानी आहे. मुद्दा साधारण असा की वामनाने बळीला पाताळात घातलं ही गोष्ट फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) पार उलटी करून सांगितली, वामन कपटी आणि बळी रयतेचा न्यायी राजा, आणि त्यातून शूद्रातिशूद्रांना एक सामाईक पूर्वज मिळाला. मी 'प्रतिमिथक' लिहिलं तर संपादकांनी सगळीकडे 'पर्यायी दंतकथा' करून परत पाठवलं. त्यांचं म्हणणं मिथक हिंदी आहे आणि वाचकाला ते खोटं वाटेल. म्हणजे दंतकथा खरी वाटणारे का? सुचवा काहीतरी.

बखरवाला : संपादकांचं पहिलं म्हणणं बरोबर. मिथक हिंदीतून आलेलं पाहुणं आहे, आणि पाहुणे आता उठायचं नाव घेत नाहीत. पुराणकथा, दैवतकथा, झालंच तर आख्यायिका असे धडधाकट शब्द असताना ही उसनवारी कशाला?

हिरडा : आमचे एक सर सांगायचे मिथ आणि मिथ्या एकाच मुळातले. त्यामुळे मिथक म्हटलं की खोटेपणा आलाच.

निशिगंध : सरांना नमस्कार, पण नाही. ग्रीक 'मुथॉस' म्हणजे मुळात नुसतं बोलणं, सांगणं, गोष्ट. मिथ्याशी त्याचं फक्त तोंड जुळतं. खरा घोळ पेपरवाल्यांनी घातलाय. आरोग्य पुरवणी उघडा, 'मधुमेह : मिथकं आणि तथ्यं'. तिथे सरळ 'गैरसमज' लिहायला काय झालं होतं? आता एकच शब्द साखरेच्या गोळ्यांनाही आणि बळीराजालाही.

तांबडीमाती : तुम्ही सगळे शब्दाच्या मागे लागलाय पण फुल्यांना विचारलं का? त्यांच्या लेखी बळी मिथक नव्हताच, तो इतिहास होता. गुलामगिरी म्हणजे जोतीराव आणि धोंडीबाचा संवाद, त्यात मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन एकेक अवतार घेऊन ते सांगतात की ह्या बाहेरून आलेल्या आर्य भटांच्या, म्हणजे ब्राह्मणांच्या, स्वाऱ्या आहेत, मत्स्य म्हणजे गलबतांतून आलेली टोळी वगैरे. मिथक त्यांच्या मते भटांनी रचलं, ते खरवडून खालचा इतिहास आपण काढतोय असा त्यांचा दावा. आणि तुम्ही त्यांच्याच मांडणीला प्रतिमिथक म्हणणार? हे म्हणजे शिव्या घालण्यापैकीच झालं.

पाटपाणी : हा मुद्दा लेखातही येतो खरा, पण लेखिका शब्द तोच ठेवते. तिच्या दृष्टीने 'मिथ' म्हणजे खोटं नव्हे, एखादा समाज स्वतःला ओळखतो ती गोष्ट.

बखरवाला : इतिहास? मग म्हसोबाचं बघा. फुले म्हणतात बळीच्या राज्यात मोठ्या सुभ्याचा अधिकारी तो महासुभा, त्याचा अपभ्रंश म्हसोबा. आणि नऊ खंडांचा न्याय बघणारा तो खंडोबा. अहो सुभा हा शब्द अरबी-फारसीतला, मोगलाईतला! बळीराजाने काय दिल्लीहून फर्मान आणवलं होतं?

तांबडीमाती : हसा. व्युत्पत्ती गळपटली म्हणून वाचन गळपटत नाही. देवळाबाहेर शेंदूर फासून बसलेले देव आमच्या राज्यातले अधिकारी होते, हे वाक्य १८७३ साली एका माळ्याने छापून काढणं म्हणजे काय, ते सुभ्याच्या व्युत्पत्तीत सापडणार नाही. आणि फक्त फुलेच का? बाबासाहेबांनी ५६ साली दीक्षेसाठी नागपूर का निवडलं ते सांगताना नाग लोकांचाच संदर्भ दिला होता ना. त्यालाही मिथक म्हणणार?

निशिगंध : म्हसोबा निघालाच आहे तर इतिहासकार दामोदर कोसंबी आठवा. 'मिथ अँड रिअॅलिटी', १९६२. माणूस गणिती, पण पुण्याच्या आसपासची गावं पायी हिंडला, शेंदराचे दगड बघत. त्यांचा म्हसोबा म्हणजे महिषासुर. गंमत अशी की देवळातल्या मूर्तीत देवी त्याला मारते, आणि तिकडे पुरंदरात वीरच्या म्हस्कोबाचं माघात जोगेश्वरीशी थाटात लग्न लागतं. कोसंबींनी ह्याच्यात दोन समाजांची गाठ वाचली, कुठे मारामारी तर कुठे सोयरीक. लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेऱ्यांनी विठ्ठलाच्या बाबतीत धनगर-गवळ्यांपर्यंत माग काढत नेला तोही ह्याच जातीचा उद्योग. ह्यातल्या कशालाच 'दंतकथा' शोभत नाही, दंतकथा म्हणजे अमक्या बुरुजात सोन्याचा हंडा आहे तसलं.

कोकणकडा : थेट 'भाकडकथा' लिहा आणि मोकळे व्हा :)

तांबडीमाती : कोकणकडा, तुमच्याकडे गुरं आहेत का? भाकड म्हणजे काय माहितीये? दूध आटलेली म्हैस. वांझ नाही. पुन्हा फळली, व्याली की दूध देते, म्हणून तर भाकड काळातही वैरण घालतात. माझ्या हिशेबाने भाकडकथा म्हणजे सध्या दूध देत नसलेली गोष्ट. बळीची गोष्ट आटली होती, जोतीरावांनी पुन्हा दुभती केली. संपादकांना हे कळवा.

हिरडा : हे भारीच आहे राव, पण व्युत्पत्ती म्हणून कुणी मानेल का?

बखरवाला : महासुभा मानतात तर हेही मानतील.

पाटपाणी : माझा शब्द तसाच राहिलाय हो. 'प्रतिपुराण' कसं वाटतं?

कोकणकडा : प्रतिपुराण म्हटलं की एकोणिसावं पुराण आल्यासारखं वाटतं. ते सोडा, मला दुसरंच खटकतंय. 'बळीराजा सुखावला', 'बळीराजा चिंतेत', पाऊस पडला की ठरलेले मथळे. आणि त्याच पानावर खाली 'अपघातात दोन बळी'. हे दोन बळी एकच का?

निशिगंध : संस्कृतात 'बलि' म्हणजे देवाला दिलेला वाटा, आणि राजाला दिलेला करही. असुराचं नावही बलि. म्हणजे शेतकऱ्याला आपण जे नाव दिलंय त्याचा एक अर्थ चक्क शेतसारा. घ्या.

तांबडीमाती : हे संस्कृत तुमच्यापाशी ठेवा. आमची आजी पाडव्याला अंगणात शेणाच्या गवळणी मांडायची, आणि ओवाळताना म्हणायची 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो'. तिला कर ठाऊक नव्हता, वामनही नव्हता. राजा तेवढा ठाऊक होता. केरळात ओणमला महाबळी वर्षातून एकदा प्रजेला भेटायला येतो, तिथेही वामनापेक्षा त्याचंच कौतुक. मल्याळी लोकांनी काही गुलामगिरी वाचून हे सुरू केलं नाही. मग फुल्यांनी गोष्ट उलटी केली म्हणता ते तरी कितपत खरं? बायकांच्या तोंडी ती आधीपासून सुलटीच होती.

पाटपाणी : हे मात्र लेखात नाही. तळटीप टाकू का?

हिरडा : पिडा कळली, पण 'इडा' म्हणजे काय? योगातल्या इडा-पिंगळा नाड्यांतली इडा का?

निशिगंध : छे, तो नुसता जोडशब्द, आडवातिडवा सारखा. पिडेला सोबत.

बखरवाला : जोडशब्दात सोबती सहसा मागून येतो. भाकरीबिकरी, पाणीबिणी. इडा पुढे कशी आली?

कोकणकडा : मग आडवातिडवा मध्ये खरा कोण, आडवा की तिडवा?

बखरवाला : आडवा. म्हणजे माझंच बरोबर, सोबती मागे.

निशिगंध : आणि आजूबाजू? उरलासुरला? आरपार? एकेक सांगा.

हिरडा : आजूबाजूला नवा धागा काढा रे कुणीतरी.