हंगेरीतल्या टोकाय गावी वाईनच्या द्राक्षावर बुरशी मुद्दाम येऊ देतात?

निफाडचा_पोरगा:
कामानिमित्त बुडापेस्टला आलोय, रविवारी ट्रेनने टोकायला जाऊन आलो. ऑक्टोबर संपत आला तरी घड वेलीवरच, अर्धे मणी मनुक्यासारखे सुरकुतलेले आणि वर राखाडी बुरशी. मला वाटलं बाग सोडून दिलीये, तर बागवाल्या काकू म्हणाल्या यासाठीच तर थांबलोय. आमच्याकडे एका घडावर बुरशी दिसली तरी बाबांची झोप उडते. मग इथं काय वेगळं आहे?

पहाटफेरी:
बुरशी तीच रे, बोट्रायटिस. फरक हवेचा. टोकाय गावापाशी बोद्रोग नदी तिसाला मिळते, शरदात रात्री गार पडतात आणि पाणी त्यामानाने कोमट, म्हणून सकाळी दाट धुकं. त्या ओलीत बुरशी धरते. दुपारी ऊन पडतं, वारा सुटतो आणि ती आटोक्यात राहते. सालीला बारीक छिद्रं पडून मण्यातलं पाणी उडून जातं, साखर आणि आंबटपणा दोन्ही घट्ट होतात. पाऊस लागून राहिला तर मात्र नुसती सड, त्या वर्षी आसू, म्हणजे या सुकलेल्या मण्यांची गोड वाईन, जेमतेम किंवा नाहीच.

माती_आणि_वेल:
मुख्य जात फुर्मिंट, उशिरा पिकते आणि आंबटपणा सोडत नाही, म्हणून इतकी गोड वाईन पण तोंडात चिकट लागत नाही. जमीन बहुतेक ज्वालामुखीची, टोकायच्या डोंगरावर मात्र वर लोएसचा, म्हणजे वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीचा थर. उत्तरेचा गार वारा झेंप्लेनचे डोंगर अडवतात.

पहाटफेरी:
आणि तोडणी! सुकलेला मणी एकेक करून वेचायचा, त्याच बागेत पुन्हा पुन्हा फेऱ्या. पूर्वी १३६ लिटरच्या पिंपाला अशा मण्यांच्या किती पाट्या घातल्या त्यावरून वाईनचा दर्जा ठरायचा, त्या पाटीला पुत्तोन्य म्हणतात. आता साखर मोजतात, ५ पुत्तोन्यला लिटरमागे किमान १२० ग्रॅम.

निफाडचा_पोरगा:
खूप आभार दोघांचे. आमची काढणी जानेवारी ते मार्च, पुढे ऊन तापतच जातं, आणि खायच्या द्राक्षाला डाग चालत नाही, म्हणजे हे गणितच वेगळं. काकूंनी एक मणी हातावर ठेवला होता, दिसायला नकोसा पण चव मध आणि जर्दाळूची, बोटं चिकट झाली पार. बाबांना फोटो पाठवलाय, त्यांचा पहिला प्रश्न, फवारणी कधी थांबवतात?