मुळा-मुठेच्या दीर्घकालीन नोंदींसाठी सरकारने कायमचा निधी ठेवावा का?

मुठाई
पुण्यात नदीवर पैसा येतो तो प्रकल्पाचा म्हणून. २०१६ च्या सुमारास मंजूर झालेली जायका (जपानची मदतसंस्था) योजना म्हणजे ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं, रोज ३९६ दशलक्ष लिटरची क्षमता. नदीकाठ सुधार म्हणजे ४४ किलोमीटर काठ. दोन्हींत बांधकामाचा पैसा आहे. नदीत काय जगतंय, काय मरतंय याची सलग नोंद ठेवण्याचा पैसा कुठल्याच लेखाशीर्षात कायमचा नाही.

प्रदूषण नियंत्रण मंडळ विठ्ठलवाडी, बंडगार्डन, मुंढवा अशा ठिकाणी महिन्यातून एकदा नमुना घेतं, आणि ते काम मोलाचंच आहे. पण ती पाण्याची तपासणी झाली, नदीची नाही. पुण्याच्या माशांची जुनी तपशीलवार यादी १९४२ ची, फ्रेझर यांची. त्यानंतर अभ्यासकांनी अधूनमधून मोजण्या केल्या, पण प्रत्येकाची जागा वेगळी, जाळं वेगळं, महिना वेगळा. त्यामुळे एखादी जात पानशेत-वरसगावच्या धरणांनी गेली, मैलापाण्याने गेली की चिलापी आणि आफ्रिकन मांगूर आल्यावर गेली, हे आज वेगळं काढता येत नाही.

म्हणून मागणी अशी: खडकवासल्याच्या खालपासून रांजणगाव सांडसला भीमेच्या संगमापर्यंत १२ जागा, दर महिन्याला पाणी, वर्षातून दोनदा तळातले कीटक, एकदा मासे. जागा आणि पद्धत २५ वर्षं बदलायची नाही. खर्च राज्याच्या अर्थसंकल्पातून.

हिशेबनीस
विरोध. नदी कशाने मेली हे शोधायला २५ वर्षं कशाला हवीत? शहराचं मैलापाणी पुरतं शुद्ध न होता नदीत जातं, हे कुठल्याही पुलावर नाक धरून उभा राहणाऱ्याला कळतं. नोंदींनी एक लिटरही पाणी शुद्ध होत नाही. तेवढ्या पैशात एखाद्या नाल्याचं पाणी अडवून मुख्य मैलावाहिनीत वळवता येईल, आणि तो फायदा रोजचा.

दुसरं, नोंदी आहेतच की. महापालिका अधिनियमाच्या कलम ६७ अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण स्थिती अहवाल सभेपुढे ठेवायचा असतो. तो कोण वाचतं? आधी आहेत ते आकडे वापरा.

क्युसेक
आहेत ते आकडे वापरायला घेतले की पहिली अडचण येते प्रवाहाची. बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप, लिहिलेला असतो, पण त्या क्षणी नदीत किती पाणी होतं ते शेजारी नसतं.

समजुतीपुरते आकडे घेऊ. फेब्रुवारीत बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम, प्रवाह सेकंदाला ५ घनमीटर, म्हणजे साधारण १७५ क्युसेक. दिवसाला भार होतो १२,९६० किलो. ऑगस्टमध्ये बीओडी फक्त ६, पण विसर्ग सुरू आहे, प्रवाह २०० घनमीटर, म्हणजे ७,००० क्युसेकच्या आसपास. भार होतो १,०३,६८० किलो. अहवालात ऑगस्टची नदी 'सुधारलेली' दिसते आणि उजनीकडे मात्र आठपट घाण गेलेली असते. खडकवासल्याचा विसर्ग रोज जाहीर होतो, पण शहराच्या खालच्या अंगाला, नमुन्याच्या जागी, प्रवाह मोजला तरच हा हिशेब बसतो. त्यासाठी पातळीची पट्टी आणि पातळीवरून प्रवाह काढायचा तक्ता लागतो. तो एकदा करून भागत नाही. पुराने तळ खरवडला, गाळ बसला, काठावर भराव पडला की तीच पातळी वेगळा प्रवाह दाखवते. वर्षातून पाच-सहा वेळा तरी प्रवाहमापक घेऊन पाण्यात उतरावं लागतं. हा खर्च कुठल्याच प्रकल्पात बसत नाही, कारण प्रकल्प संपतो आणि नदी तळ बदलायची थांबत नाही.

हिशेबनीस
प्रवाहाचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात नव्हता. पण मग पट्टी आणि संवेदक बसवा. विरघळलेला ऑक्सिजन, सामू (पीएच), तापमान दर पंधरा मिनिटांनी आपोआप संगणकावर येतं. एकदा भांडवली खर्च केला की माणसं, गाड्या, बाटल्या यांची गरज कमी होते.

पाणवठा
संवेदकाचा अनुभव असणारा कोणीही सांगेल की यंत्राची किंमत हा छोटा भाग असतो. मुठेच्या पाण्यात ऑक्सिजनच्या संवेदकावर चार-पाच दिवसांत बुळबुळीत थर चढतो. तो थर स्वतःच ऑक्सिजन खातो आणि आकडा हळूहळू खाली सरकतो. नदी बिघडली की यंत्र माखलं, हे आलेखावरून ओळखू येत नाही. आठवड्याला साफसफाई, महिन्याला अंशशोधन (कॅलिब्रेशन), वर्षा-दोन वर्षांनी संवेदकाची टोपी बदलणं हे धरूनच चालावं लागतं. अंशशोधनात पुण्याची उंची धरायची विसरतात. समुद्रसपाटीला २५ अंशांवर संपृक्त पाण्यात लिटरला ८.२६ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, पुण्यात साधारण ७.७. ही चूक झाली की प्रत्येक वाचन ६-७ टक्के फुगलेलं येतं. जलपर्णीचा लगदा केबल ओढून नेतो ते वेगळंच.

म्हणून यंत्राशेजारी बाटली लागतेच. ३०० मिलिलिटरची बाटली नळीने तळापासून भरायची, दोन-तीनदा ओसंडू द्यायची, बुडबुडा न ठेवता बूच लावायचं. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड पिपेटचं टोक पाण्याखाली बुडवून घालायचं. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर पाणी मेलेलं आहे, पुढचं अनुमापन केलं नाही तरी कळतं. हे नदीवरच करायचं. नमुना तसाच प्रयोगशाळेत नेला तर वाटेतच जिवाणू ऑक्सिजन संपवतात.

वेळही महत्त्वाची. नमुना बहुतेकदा कार्यालयीन वेळेत, ११-१२ वाजता घेतला जातो. तेव्हा शेवाळाने दिलेला ऑक्सिजन पाण्यात असतो. नीचांक पहाटेचा, आणि मासे मरतात ते पहाटे. यंत्र हवं ते या रात्रीसाठी, पण माणसाच्या जोडीने.

मुठाई
@हिशेबनीस, नाला वळवायला माझा विरोध नाही. प्रश्न पुढचा आहे. शुद्धीकरण केंद्र चालू झाल्यावर नदी सुधारली की नाही हे कशावरून ठरवणार? केंद्राच्या तोंडाशी बीओडी १० च्या खाली आला तरी अमोनिया उरू शकतो. अमोनियाचं विष सामूवर ठरतं. २५ अंशांना सामू ७ असेल तर अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, सामू ९ झाला की ३६ टक्के. संथ, हिरव्या पाण्यात दुपारी सामू तिकडे सरकतो. कागदावर केंद्र उत्तीर्ण आणि मासा नाही, असं होऊ शकतं.

हे कीटक सांगतात. मेफ्लाय या स्वच्छ पाण्यातल्या कीटकाच्या अळ्या दगडाखाली सापडल्या तर गेले काही महिने तिथे पाणी बरं होतं. घाण पाण्यातही तगणाऱ्या कायरोनोमिड माशीच्या लाल अळ्या आणि ट्युबिफेक्स किडे एवढेच सापडले तर नव्हतं, मग त्या दिवशीचा नमुना काहीही म्हणो. बंडगार्डनच्या वर बंधाऱ्याच्या फुगवट्याचं साचलेलं पाणी आहे, तिथे जाळं लावून तळ ढवळता येत नाही. दगड भरलेली टोपली पाच-सहा आठवडे बुडवून ठेवावी लागते.

कालव्यापलीकडचा
पैसा येतो कुठून यावर बोला. १९७७ च्या कायद्याने पाणी-उपकर होता, त्याचा मोठा वाटा राज्य प्रदूषण मंडळांकडे परत यायचा. २०१७ मध्ये जीएसटीबरोबर तो गेला. सर्वसाधारण अर्थसंकल्पातून दिलं तर पहिल्या तंगीत कापलं जाणार. महापालिका आणि उद्योगांच्या पाणीपट्टीतला ठरावीक भाग याला बांधून द्यावा. मात्र मोजणी महापालिकेकडे नको. जो सोडतो त्यानेच मोजायचं हे मुंढव्याच्या जॅकवेलवरून (नदीचं पाणी उचलून कालव्यात सोडणारी विहीर) पाणी घेणाऱ्या शेतकऱ्याला पटणार नाही.

हिशेबनीस
पाणीपट्टीवर भार टाकायला विरोध कायम आहे. शुद्धीकरणाचा पैसा नागरिक आधीच देतात. पण राज्याकडून आला तर दोन अटींवर मी मान्य करेन. एक, कच्चे आकडे महिन्याच्या आत खुले, प्रवाह आणि वेळेसकट. 'मर्यादेत' असा शेरा नको, आकडा हवा. दोन, आकडा कुठे गेला की कोण काय करणार हे आधी लिहिलेलं असावं. पहाटेचा ऑक्सिजन सलग तीन दिवस लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेला तर वरच्या केंद्रांची तपासणी ४८ तासांत. ही साखळी नसेल तर माझा पैसा नाल्यालाच.

क्युसेक
तिसरी अट जोडा: कंत्राट वर्षाचं नको. ३१ मार्चला संपलं की नवी निविदा, नवा कार्यादेश यात एप्रिल-मे निघून जातात. नेमके तेच महिने नदीत सर्वांत कमी पाणी असतं. शिवाय सर्वांत कमी दरात नवी प्रयोगशाळा आली की तिची पद्धत वेगळी. एक बीओडी ३ दिवस २७ अंशांवर काढते, दुसरी ५ दिवस २० अंशांवर, आणि आलेखात पायरी दिसते जी नदीत नव्हतीच. प्रयोगशाळा बदलायचीच असेल तर जुनी आणि नवी किमान सहा महिने तेच नमुने वाटून घेऊन शेजारी-शेजारी चालवा, आणि तो दुहेरी खर्च पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात धरा.