मदत हवी आहे : २०१३ च्या बहिष्काराची सर्व्हिस बुकातली नोंद

नमस्कार मंडळी. ४ फेब्रुवारी ते १० मे २०१३, प्राध्यापकांचा परीक्षा-बहिष्कार आठवतोय ना? सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) नसलेल्यांच्या सेवेचा प्रश्न, यासाठी एम्फुक्टोने (राज्यातल्या प्राध्यापक संघटनांचा महासंघ) पुकारलेला. त्यातल्या ७१ दिवसांचा पगार शासनाने रोखला. बाबा तेव्हा अनुदानित कॉलेजात होते. बहिष्कार फक्त परीक्षेच्या कामावर होता हो, तास रोज घेत होते, मस्टरवर सह्या आहेत!

आता पेन्शनच्या वेळी ऑफिसातले म्हणतात, "त्या दिवसांची नोंद स्पष्ट नाही." कोणाच्या घरी असं झालंय का? तो काळ सेवेत धरला का, कुठल्या जीआरनुसार? प्रत असेल तर प्लीज पाठवा. संघटनेकडे आधीच विचारलंय, म्हणून तो सल्ला सोडून बोला.